गिटारच्या मागचे दोघे

साठ आणि सत्तरच्या दशकांतील रॉक संगीताविषयी बोलणे निघाले की ते बहुधा गिटारवादक आणि गायक यांच्यापाशीच सुरू होते आणि तिथेच संपते. सर्वश्रेष्ठ गिटारवादकांच्या याद्या निघतात, कोणाचा सोलो अधिक चांगला यावर वाद रंगतात, आणि मागच्या बाजूला बसून ड्रम्स वाजवणारा व त्याच्या शेजारी फारसा न हलता बास (खर्जातले सूर देणारी गिटार) वाजवणारा, हे दोघे जणू सामानासोबत आलेले असावेत अशा थाटात त्यांचा उल्लेख राहून जातो. मला मात्र, हे संगीत बरीच वर्षे ऐकल्यानंतर, असे ठामपणे वाटू लागले आहे की या काळातल्या कोणत्याही बँडची खरी ओळख त्या दोघांच्याच हातात असते. गिटारचे सूर मेहनतीने जसेच्या तसे उचलता येतात आणि जगभरातील हजारो होतकरू वादकांनी ते उचललेही आहेत. परंतु ड्रमर ठोका नेमका कुठे टाकतो, समेच्या किंचित आधी की किंचित नंतर, आणि बासवादक त्या ठोक्याला चिकटून राहतो की त्याच्याभोवती फिरतो, ही गोष्ट नक्कल करणाऱ्याच्या हाती सहसा लागत नाही.

या दोघांकडे दुर्लक्ष होण्यामागे एक अगदी साधे तांत्रिक कारणही आहे. इलेक्ट्रिक बास हे वाद्यच तेव्हा तुलनेने नवे होते. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बास १९५१ साली बाजारात आला आणि त्यानंतर हळूहळू माणसाएवढ्या उंचीचा डबल बास मागे पडला. ज्या छोट्या रेडिओंवर तरुण मंडळी ही गाणी ऐकत, त्यांच्या स्पीकरांमधून खर्जातले सूर फारसे बाहेरच पडत नसत. तबकडीचीही अडचण होती. खर्जाचा आवाज मोठा ठेवला तर तबकडीवरची खाच फार रुंद झोके घेते आणि सुई उडण्याचा धोका असतो, म्हणून तबकडी कापणारे तंत्रज्ञ खर्ज मुद्दाम दबवून ठेवत. इंग्लंडमधल्या वादकांना याचा विशेष राग येई, कारण अमेरिकेतून येणाऱ्या मोटाउन या कंपनीच्या तबकड्यांवर जेम्स जेमर्सनचा बास त्यांना स्पष्ट ऐकू येत असे आणि आपल्या तबकड्यांवर मात्र तोच सूर पातळ का होतो, हे त्यांना समजत नसे. अखेर १९६६ मध्ये बीटल्सच्या 'पेपरबॅक रायटर'च्या ध्वनिमुद्रणात जेफ एमरिक या तरुण तंत्रज्ञाने बासच्या अँप्लिफायरसमोर मायक्रोफोन म्हणून चक्क एक लाउडस्पीकर उलट्या पद्धतीने जोडला. लाउडस्पीकरचा पडदा मोठा असल्यामुळे खर्जाचा दाब तो अधिक चांगला पकडतो. त्या गाण्यातील बास आजही ज्या ठसठशीतपणे पुढे येतो त्यामागे ही युक्ती आहे.

ज्यांना या दोन वाद्यांकडे कान वळवायचा आहे त्यांनी बीटल्सच्या १९६५ च्या 'रबर सोल' या अल्बमपासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन. त्या काळी ध्वनिमुद्रणाला चारच ट्रॅक (आवाज वेगवेगळे मुद्रित करण्याच्या पट्ट्या) असत आणि स्टिरिओ ही गोष्ट इंग्लंडमध्ये दुय्यम मानली जाई. त्यामुळे त्या अल्बमच्या जुन्या स्टिरिओ आवृत्तीत बहुतेक गाण्यांची वाद्ये एका बाजूला आणि आवाज दुसऱ्या बाजूला, अशी सरळसोट वाटणी केलेली आहे. हेडफोनचा उजवा भाग कानावरून दूर केला की गायन जवळजवळ नाहीसे होते आणि डाव्या कानात ड्रम्स, बास व गिटार यांची निव्वळ संगत उरते. 'ड्राइव्ह माय कार' असे ऐकून पाहावे. ज्या गाण्यात आपल्याला आजवर फक्त चाल आणि शब्द ऐकू आले, त्यात खाली एक संपूर्ण वेगळे, अधिक कणखर गाणे चालू होते हे चटकन लक्षात येते. ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने ही वाटणी ओबडधोबड आहे, पण अभ्यासासाठी इतकी सोयीची गोष्ट नंतरच्या काळातील सुबक मिश्रणांत सापडत नाही.

रिंगो स्टार हा सामान्य ड्रमर होता आणि नशिबाने बीटल्समध्ये आला, हा समज अजूनही काही लोक बाळगून आहेत. तो मला निखालस चुकीचा वाटतो. रिंगो डावखुरा आहे, परंतु तो उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसाठी मांडलेल्या ड्रम्सवर वाजवत असे. दोन ओळींमधली जागा भरणारा तुकडा वाजवताना उजखुरा ड्रमर ज्या ओघाने एका ड्रमवरून दुसऱ्यावर जातो, तो ओघ त्याला सहज जमत नसे. त्यामुळे त्याचे तुकडे थोडे अडखळल्यासारखे, अनपेक्षित जागी वळणारे होतात, आणि नेमके हेच वळण त्याचे वैशिष्ट्य ठरले. 'कम टुगेदर'मधील (१९६९) तो सुरुवातीचा, हाय-हॅटवरून (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवरून) खाली घरंगळत येणारा तुकडा ऐका. ड्रम्सवर कापड टाकून त्यांचा आवाज बसका केलेला आहे, पॉल मॅकार्टनीचा बास त्याच्यासोबत खाली सरकतो आणि जॉन लेनन गाऊ लागण्याआधीच गाण्याचा सगळा स्वभाव ठरून गेलेला असतो. 'रेन' (१९६६) हे गाणे रिंगोला स्वतःला आपली सर्वांत चांगली कामगिरी वाटते. त्याची मूळ संगत जलद लयीत वाजवून नंतर टेप मंद गतीने चालवलेली आहे, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला एक वेगळेच वजन आले आहे. ज्यांना अजूनही शंका असेल त्यांच्यासाठी १९६८ च्या दोन-अल्बमी 'द बीटल्स'मध्ये एक आयता पुरावा आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये वैतागून रिंगो काही दिवस बँड सोडून गेला होता, आणि 'बॅक इन द यू.एस.एस.आर.' व 'डिअर प्रूडन्स' ही गाणी त्याच्याविना ध्वनिमुद्रित झाली. ड्रम्सवर मुख्यतः मॅकार्टनी होता. वादन चुकीचे मुळीच नाही, पण ही दोन गाणी आणि त्याच अल्बममधील इतर गाणी लागोपाठ ऐकली की कोणती तरी ओळखीची चाल बदलल्याचे जाणवते.

मॅकार्टनीच्या बासविषयी स्वतंत्र लेख लिहावा लागेल. इथे इतकेच म्हणतो की जॉर्ज हॅरिसनच्या 'समथिंग'मध्ये (१९६९) बास वाजवताना तो गायकाच्या चालीखाली दुसरी तितकीच सुरेल चाल बांधतो, आणि तरीही गायकाच्या पुढे जात नाही.

रोलिंग स्टोन्सचे गणित अगदी वेगळे होते. सर्वसाधारण बँडमध्ये सगळे जण ड्रमरच्या मागे जातात. स्टोन्समध्ये मात्र ड्रमर चार्ली वॉट्स हा कीथ रिचर्ड्सच्या गिटारच्या मागे जात असे आणि बिल वायमनचा बास या दोघांच्या मधली फट शोधत असे. या अंतरामुळे त्यांच्या गाण्यांना ती सैल, आत्ता कोसळेल असे वाटणारी पण कधीच न कोसळणारी झुलती चाल मिळाली. वॉट्सचे मन जॅझमध्ये रमलेले होते आणि रॉकच्या बडेजावाबद्दल त्याला फारसे प्रेम नव्हते. त्याची एक सवय ध्वनिमुद्रणांत ऐकू येते आणि चित्रफितींत स्पष्ट दिसते. स्नेअरवर (कडक, तडतडत्या आवाजाच्या ड्रमवर) ठोका देताना तो उजवा हात हाय-हॅटवरून उचलून घेतो, म्हणजे त्या क्षणी स्नेअर एकटा वाजतो. बहुतेक ड्रमर दोन्ही एकत्र वाजवतात. ही बारीकशी विश्रांती प्रत्येक ठोक्याभोवती थोडी मोकळी जागा तयार करते. 'हाँकी टाँक विमेन'ची (१९६९) सुरुवात निर्माता जिमी मिलर याने वाजवलेल्या काउबेलने होते, त्यात वॉट्स सामील होतो, मग गिटार येते, आणि बास मात्र पहिले कडवे संपेपर्यंत थांबून ध्रुवपदालाच प्रवेश करतो. तो येताच गाणे जमिनीवर पाय टेकते. शिवाय हे गाणे सुरुवातीपेक्षा शेवटी उघडउघड जलद झालेले आहे. आजच्या पद्धतीत कानात यंत्राची टकटक ऐकत वाजवले जाते आणि असा फरक दोष म्हणून दुरुस्त केला जातो. माझ्या मते या गाण्यातील वाढती लय काढून टाकली तर गाण्यातला अर्धा आनंद निघून जाईल.

'द हू'मध्ये तर कामांची सरळ अदलाबदल झालेली होती. कीथ मून ठेका धरून ठेवण्याच्या भानगडीत फारसा पडत नसे. तो गायकाच्या ओळींबरोबर ड्रम्सवर बोलत राही, झांजांचा अखंड गदारोळ चालू ठेवी, आणि लय सांभाळण्याचे काम पीट टाउनशेंडच्या गिटारवर येऊन पडे. दुसऱ्या बाजूला जॉन एन्टविसल बासवर जे वाजवत असे ते इतरत्र मुख्य गिटारचे काम मानले गेले असते. 'माय जनरेशन'मध्ये (१९६५) सोलोची जागा आली की तिथे गिटारऐवजी बास पुढे येतो. त्या ध्वनिमुद्रणासाठी त्याला हवा तसा आवाज देणाऱ्या तारा तुटत, त्या सुट्या मिळत नसत आणि म्हणून दर वेळी नवे वाद्यच विकत घ्यावे लागे, हा किस्सा त्याने स्वतः सांगितलेला आहे. मूनसारख्या माणसाला यंत्राच्या लयीत बांधल्यावर काय होते हे १९७१ च्या 'हूज नेक्स्ट'मध्ये ऐकायला मिळते. 'बाबा ओ'रायली'मध्ये (या नावातले 'बाबा' म्हणजे मेहेरबाबा, टाउनशेंड त्यांचा अनुयायी होता) आणि 'वोंट गेट फूल्ड अगेन'मध्ये ऑर्गन व सिंथेसायझरचा आधीच मुद्रित केलेला, तसूभरही न हलणारा धागा आहे आणि मूनला त्याच्याबरोबर वाजवावे लागले. मैफिलींत तो त्यासाठी कानाला हेडफोन लावून बसे. लय धरण्याची जबाबदारी यंत्राने घेतल्यामुळे मून इतका मोकळा सुटला आहे की ही दोन गाणी मला त्याची सर्वांत शिस्तबद्ध आणि सर्वांत बेफाम कामगिरी, दोन्ही एकाच वेळी वाटतात.

आता लेड झेपलिन. या बँडविषयी लिहिताना माझा तोल जातो हे मान्य करूनच लिहितो. जॉन पॉल जोन्स हा आधी स्टुडिओत पगारी वादक आणि संयोजक म्हणून काम केलेला, शांत आणि सर्व प्रकारच्या संगीताचा सराव असलेला बासवादक होता. जॉन बॉनम हा त्याच्या उलट, ड्रम्सवर सर्व शक्तीनिशी तुटून पडणारा म्हणून प्रसिद्ध. पण बॉनम मोठ्याने वाजवत असे म्हणून तो मोठा, हे वर्णन अपुरे आहे. त्यांच्या पहिल्या अल्बममधले (१९६९) पहिलेच गाणे 'गुड टाइम्स बॅड टाइम्स' घ्या. त्यात बास ड्रमवर (पायाच्या पेडलने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर) तीन-तीनच्या गटातले जलद ठोके ऐकू येतात, आणि अनेक वादकांना त्या वेळी वाटले की हा मनुष्य दोन बास ड्रम वापरतो. प्रत्यक्षात एकच ड्रम, एकच पेडल आणि एकच पाय होता. 'ब्लॅक डॉग'ची (१९७१) मुख्य गिटारओळ जोन्सने रचलेली आहे. ती ओळ मात्रांच्या हिशेबाने सारखी निसटत राहते, बॉनम मात्र खाली साधा चारचा ठेका निर्विकारपणे चालू ठेवतो, आणि ऐकणाऱ्याला सम कुठे आहे हे क्षणभर कळेनासे होते. 'काश्मीर'मध्ये (१९७५) हाच खेळ अधिक भव्य केला आहे. गिटार आणि तंतुवाद्ये तीनच्या हिशेबाने चढत जातात, ड्रम्स चारच्या हिशेबाने चालतात आणि दर बारा मात्रांनी दोघे एकमेकांना भेटतात. गाण्यातला तो कधीही न संपणारा प्रवास याच हिशेबातून तयार झालेला आहे.

'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'बद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. मूळ गाणे कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी यांनी १९२९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेला ब्लूज, मिसिसिपी नदीला १९२७ मध्ये आलेल्या महापुरावरचा. झेपलिनने ते १९७१ च्या चौथ्या अल्बमसाठी घेतले. बँडचा मुक्काम हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या, अठराव्या शतकात गरिबांसाठी बांधलेल्या वास्तूत होता आणि बाहेर रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ उभा केलेला होता. बॉनमचे ड्रम्स उंच जिन्याच्या तळाशी मांडले गेले. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स याने प्रत्येक ड्रमजवळ मायक्रोफोन लावण्याची रूढ पद्धत सोडून दिली, वरच्या मजल्याच्या कठड्यावरून दोनच मायक्रोफोन खाली सोडले, आणि तो आवाज प्रतिध्वनीच्या बिन्सन यंत्रातून व आवाजातला चढउतार दाबणाऱ्या कॉम्प्रेसरमधून नेऊन ठासून भरला. शिवाय मुद्रण नंतर किंचित मंद केले गेले. परिणाम असा की या गाण्यात ड्रम्सचा आवाज एखाद्या वस्तूवर काठी आपटल्यासारखा न येता संपूर्ण इमारत श्वास घेत असल्यासारखा येतो. पहिले काही क्षण फक्त हाच ठेका आहे. त्यात बास ड्रमचे दोन ठोके लगोलग येतात, त्यानंतरचा स्नेअर अगदी कणभर उशिरा पडतो, आणि त्या कणभर उशिरामुळे सात मिनिटांचे संथ गाणे कुठेही रेंगाळत नाही. नंतरच्या पिढ्यांतील हिप-हॉप कलावंतांनी हा ठेका कितीदा उचलला याची गणती करणे अवघड आहे. गिटारच्या सुरांशिवाय, गायकाशिवाय, फक्त एवढ्या चार-आठ मात्रा त्यांना पुरल्या.

याच अल्बममधील 'स्टेअरवे टू हेवन'बद्दल इतके लिहून झाले आहे की आणखी लिहिण्याचे धाडस होत नाही. तरी एक गोष्ट नोंदवतो. आठ मिनिटांच्या या गाण्यात ड्रम्स चार मिनिटे उलटून गेल्यावर येतात. लोक शेवटच्या सोलोची वाट पाहत असतात. पण गाण्याचा उंबरठा ओलांडला जातो तो त्या प्रवेशाशी, आणि इतका वेळ हात बांधून बसण्याचा संयम बॉनमच्या नावावर क्वचितच जमा केला जातो.

इतर काही बँडांचा उल्लेख ओझरता का होईना करायलाच हवा. क्रीमच्या 'सनशाइन ऑफ युअर लव्ह'मध्ये (१९६७) जिंजर बेकर रॉकच्या प्रघाताप्रमाणे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर न देता पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर देतो, आणि तेवढ्याने गाणे जड पावलांनी चालू लागते. डोअर्सकडे रंगमंचावर बासवादकच नव्हता. रे मन्झारेक डाव्या हाताने छोट्या कीबोर्ड बासवर खर्ज आणि उजव्या हाताने ऑर्गन वाजवत असे. म्हणूनच त्यांच्या संगतीत ती संमोहित करणारी एकसुरी फेर धरण्याची वृत्ती आहे, आणि 'ब्रेक ऑन थ्रू'मध्ये (१९६७) ड्रमर जॉन डेन्समोर तिच्यावर बोसा नोव्हा या ब्राझिलियन संगीतप्रकाराचा ठेका धरतो. ब्लॅक सॅबथ म्हणजे फक्त टोनी आयोमीची गिटार, असे मानणाऱ्यांनी 'वॉर पिग्ज'चे (१९७०) पहिले कडवे ऐकावे. गिटार दोन आघात करून गप्प बसते आणि गायकाच्या सोबतीला बिल वॉर्डच्या हाय-हॅटची टिकटिक तेवढी उरते. एवढ्या थोड्या सामग्रीत इतकी भीती निर्माण करणारे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

पिंक फ्लॉइडचा निक मेसन तांत्रिकदृष्ट्या या सगळ्यांत साधा ड्रमर असेल, पण त्याला थांबता येते. 'मनी'ची (१९७३) रॉजर वॉटर्सने बांधलेली बासची ओळ सात मात्रांची आहे. नाण्यांच्या आणि गल्ल्याच्या आवाजांची जोडलेली टेपही त्याच सातात फिरते, सॅक्सोफोनचा सोलो सातातच होतो, आणि गिलमोरच्या गिटारचा सोलो सुरू होताच सारा बँड चारच्या ठेक्यावर येतो. त्या क्षणी अंगातला ताण उतरल्यासारखा जो सुखद धक्का बसतो, त्याचे श्रेय ऐकणारा गिटारला देऊन मोकळा होतो. खरे तर तो मात्रा बदलल्याचा परिणाम आहे. फ्लीटवूड मॅकने तर बँडचे नावच आपल्या ड्रमर आणि बासवादकाच्या आडनावांवरून घेतले आहे. गिटारवादक आणि गायक आले-गेले, ब्लूजचा बँड पॉपचा बँड झाला, तरी मिक फ्लीटवूड आणि जॉन मॅकव्ही जागचे हलले नाहीत. १९७७ च्या 'द चेन'मध्ये गाणे थांबल्यासारखे होते आणि मॅकव्हीचा बास एकटाच नवी ओळ सुरू करतो, ती जागा या अर्थानेही ऐकण्यासारखी आहे.

या सगळ्याची कठोर परीक्षा दोन मृत्यूंनी घेतली. कीथ मून ७ सप्टेंबर १९७८ रोजी गेला आणि जॉन बॉनम २५ सप्टेंबर १९८० रोजी. दोघेही ३२ वर्षांचे होते. 'द हू'ने केनी जोन्स या अनुभवी आणि नेटक्या ड्रमरला सोबत घेऊन वाटचाल चालू ठेवली आणि १९८१ मध्ये 'फेस डान्सेस' हा अल्बम काढला. टाउनशेंडची गाणी वाईट नाहीत, गायक डॉल्ट्रीचा आवाज उत्तम आहे, एन्टविसल तोच आहे, आणि तरीही हा दुसराच कोणता तरी सुव्यवस्थित बँड वाटतो, कारण ठेका आता ड्रमर सांभाळतो आणि टाउनशेंडच्या गिटारला ते काम उरलेले नाही. यात जोन्सचा काहीही दोष नाही. त्याला ज्या जागी बसवले ती ड्रमरची जागा मुळात कधी नव्हतीच. लेड झेपलिनने डिसेंबर १९८० मध्ये आपण थांबत असल्याचे जाहीर केले. पुढे २००७ च्या डिसेंबरात लंडनच्या ओटू अरीनामध्ये त्यांनी एकच पूर्ण मैफल केली. तेव्हा ड्रम्सवर बॉनमचा मुलगा जेसन होता आणि मैफलीचे पहिले गाणे म्हणून त्यांनी 'गुड टाइम्स बॅड टाइम्स' निवडले होते, ज्यात ड्रमरचा पाय पहिल्याच मिनिटात तपासला जातो.